दोन बोटं कमी

आमच्या सासूबाई धनुष्याची दोरी दोन बोटं आखूड करतात. मुद्दाम करतात, आणि पंचेचाळीस वर्षं करत आल्या आहेत. त्यांच्या आधी सासरे तशीच करायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या दोन बोटांवरून तिरंदाजी मंडळात जो तमाशा झाला, त्यात प्रत्येकाने मत दिलं आणि दोरी कशी होते हे एकानेही विचारलं नाही.

पुस्तकात तिला प्रत्यंचा म्हणतात. आमच्याकडे कुणी प्रत्यंचा म्हटलं की सासूबाई विचारतात, "कुठल्या सभेतून आलात?" आमच्याकडे ती नुसती दोरी. लिननचे बारीक धागे मोजून घ्यायचे, त्यांचे दोन पदर करायचे, मेण चोळायचं, आठ फुटी फळीवरच्या दोन खुंट्यांमध्ये ताणून पीळ भरायचा, दोन्ही टोकांना फास काढायचे. मग वजन लावून एक दिवस टांगून ठेवायची. मग मधला वीतभर भाग, जिथे बाण बसतो आणि बोटं ओढतात, त्याच्यावर बारीक दोरा गच्च गुंडाळायचा. पुन्हा मेण, आणि चामड्याच्या तुकड्याने इतकं घासायचं की मेण तापून आत जिरलं पाहिजे आणि आपला तळहात आपल्याला शिव्या देऊ लागला पाहिजे.

एवढं झालं की लोकांना वाटतं दोरी झाली. झालेली नसते. शेवटचा हात धनुष्यावर फिरतो. दोरी चढवायची, धनुष्याच्या पकडीवर मूठ ठेवायची आणि अंगठा उभा करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला जेमतेम टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर दोरी उतरवून चार पीळ सोडायचे, अंगठा दोरीला ढकलत असेल तर चार पीळ भरायचे. पीळ भरला की दोरी आखडते, सोडला की लांबते. आणि धनुष्याची ओढ बसली की कुठलीही दोरी दोन बोटं वाढते. म्हणून ती टेबलावर आखूड आणि धनुष्यावर बरोबर. यात शास्त्र आहे की नाही मला माहीत नाही. बाण मात्र जायचा तिथेच जातो.

हे सगळं चालायचं मंडळाच्या इमारतीत, जिन्यामागच्या लांबट खोलीत. तिरंदाजी मंडळाने ती खोली सासऱ्यांना तोंडी दिली होती. त्या काळी तोंडाला किंमत होती. खोलीला एक दार, एक खिडकी आणि छताला वजनं टांगायच्या चोवीस कड्या. सासरे गेले, सासूबाई राहिल्या, लग्न होऊन मी आले आणि वर्षभरात त्यांनी मला फळीला जुंपलं. आमच्या ह्यांच्या हातून खिळासुद्धा सरळ जात नाही, त्यामुळे घरात दुसरा उमेदवार नव्हताच. घरी हा उद्योग करता येत नाही. दोन खोल्यांचं घर, फळी आडवी टाकली की जेवायला बसायचं तर कुणाला तरी जिन्यात बसावं लागेल. खोली गेली की काम गेलं, इतकं ते साधं होतं.

आणि एक दिवस मंडळाने गुणवत्ता समिती नेमली.

समितीत तिघे होते. प्रमुख टेपसाहेब. हे नाव आम्ही ठेवलेलं, कारण त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला कायम पोलादी टेप लटकलेली असायची. आयुष्यभर ते पाइपांच्या कारखान्यात तपासनीस होते. पाइप सकाळी जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी असतो. अशा वस्तूंच्या संगतीत चाळीस वर्षं काढली की माणूस बिघडतो. दुसरे अध्यक्षांचे मेहुणे, ज्यांना चहा आवडायचा. तिसरा मंडळाचा कारकून, कारण कुणीतरी लिहायला हवं. धनुष्य हातात धरलेला माणूस समितीत एकही नव्हता. मी विचारलं तेव्हा टेपसाहेब म्हणाले, "तसा माणूस घेतला असता तर पक्षपात झाला असता."

समितीला बसायला जागा नव्हती. म्हणून समितीने ठरवलं की दोऱ्यांची तपासणी करायची. पास झाल्या तर खोली आमच्याकडे, नापास झाल्या तर खोलीत समितीचं कार्यालय. निकाल वार्षिक स्पर्धेनंतर लागणार होता. परीक्षकाचाच डोळा बक्षिसावर होता, पण हे बोलून दाखवणारी मी एकटीच.

त्या वर्षी मंडळाने एकाच कारागिराकडून चाळीस धनुष्यं घेतली होती. प्रत्येक धनुष्य एकेका तिरंदाजाला नेमून दिलेलं. सासूबाईंनी आणि मी चाळीस दोऱ्या केल्या. लाकूड ते लाकूड, एकाच मापाची दोन धनुष्यंही सारखी वाकत नाहीत, म्हणून प्रत्येक दोरी तिच्या धनुष्यापुरती. कुठली कुणाची हे कळावं म्हणून फासात रंगीत दोरा बांधलेला. शेवटचा हात तेवढा स्पर्धेच्या सकाळी मैदानावर फिरवायचा होता, दरवर्षीसारखा.

तपासणीच्या दिवशी टेपसाहेबांनी दिवाणखान्याएवढ्या टेबलावर दोऱ्या ओळीने आडव्या घातल्या. शेजारी धनुष्याच्या कारागिराचं छापील पत्रक. त्यात लिहिलं होतं, दोरीची लांबी एकशे पासष्ट सेंटिमीटर.

"एकशे एकसष्ट पूर्णांक चार," टेपसाहेब म्हणाले. कारकुनाने लिहिलं.

"एकशे एकसष्ट पूर्णांक सात." कारकुनाने लिहिलं.

चाळिसाव्या दोरीपर्यंत मेहुण्यांचे तीन चहा झाले होते.

"चाळीसपैकी चाळीस नापास," टेपसाहेबांनी टेप खटकन मिटली. "सगळ्या आखूड."

सासूबाई म्हणाल्या, "चाळीसच्या चाळीस सारख्याच चुकल्या, तर चूक हाताची का मापाची, एवढं तरी बघा."

"माप चुकत नसतं, आजी. माप छापील आहे."

"छापलंय ते चढवलेल्या दोरीचं. ही नुसती पडलीय. धनुष्यावर चढवा, ओढ बसू द्या, मग मोजा. एकशे पासष्ट भरली नाही तर मी खोलीची किल्ली आत्ता देते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. किल्ली माझ्या कमरेला होती.

टेपसाहेब मात्र हसले. "धनुष्य आमच्या कक्षेत येत नाही. आमची समिती दोरीची आहे. धनुष्याची समिती अजून नेमलेली नाही."

"मग दोरी कशावर चढवतात असं वाटतं तुम्हाला?" मी म्हटलं. "कपडे वाळत घालतात का तिच्यावर?"

हे वाक्य कारकुनाने लिहिलं नाही. तो मान खाली घालून हसत होता.

घरी जाताना मी वाटभर बोलत होते. उंटावरचे शहाणे, अक्कल गहाण ठेवलेले आणि बरंच काही. सासूबाई शांतपणे चालत होत्या. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, "तुझी जीभ खुंट्यांना बांधली ना, तर एका दिवसात एकशे पासष्ट भरेल." मग वळता वळता म्हणाल्या, "मैदानात चढवून दाखवू. डोळ्यांनी बघतील तेव्हा कळेल त्यांना."

त्यांचा लोकांच्या डोळ्यांवर फार विश्वास.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही नऊला मैदानावर पोचलो. सासूबाईंचं घडीचं स्टूल, माझ्या पिशवीत मेण, चामडं, दोरा. दरवर्षी आम्ही पोचायच्या आधीच तिरंदाज रांगेत उभे असतात. त्या दिवशी रांग नव्हती. स्टुलाच्या ठरलेल्या जागी एक पाटी होती: 'दोऱ्या प्रमाणित करण्यात आल्या आहेत. कृपया हात लावू नये.'

"प्रमाणित म्हणजे काय केलंय?" सासूबाईंनी विचारलं.

कारकून फलकावर नावं लिहीत होता. त्याने आपले दोन्ही अंगठे पुढे केले. दोन्हीवर फोड. "मावशी, तीन दिवस तेच करतोय. साहेबांनी सांगितलं, नापास नको करायला, आपण दुरुस्त करू. माप येईपर्यंत पीळ सोडले. एकेका दोरीचे तीस-तीस, चाळीस-चाळीस. आता सगळ्या एकशे पासष्ट आहेत." तो खरंच खूश होता. "म्हणजे तुमची खोली वाचली ना?"

"आणि फासातले रंगीत दोरे?"

"ते कापले. साहेब म्हणाले, दोरीवर परका दोरा नको."

म्हणजे पीळ गेला, माप गेलं, आणि कुठली दोरी कुणाची तेही गेलं. पंचेचाळीस वर्षांचं शिक्षण तीन दिवसांत उतरवून ठेवलं होतं. सासूबाई स्टुलावर बसल्या. मी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात सराव सुरू झाला.

चांगल्या दोरीचा आवाज बारीक आणि तुटक असतो. एकदा 'टुंग' म्हणते आणि गप्प बसते. त्या सकाळी मैदानावर 'फडाक' झालं, मग दुसरीकडे 'फडाक', मग रांगेने सुरूच. पीळ गेलेली ढिली दोरी धनुष्याच्या पार पोटाशी आली होती. मुठीवर अंगठा उभा करायला जागाच नव्हती, मूठसुद्धा दाटीवाटीने बसत होती. बाण सुटला की दोरी मनगटावर येऊन आदळायची. मनगटपट्टे बांधलेले होते, पण ते सरळ वागणाऱ्या दोरीसाठी असतात. ही पट्ट्याच्या वर, खाली, बाहीत, जिथे मिळेल तिथे मारत होती. बाण काय, कुणाचा लक्ष्याच्या अलीकडे, कुणाचा पलीकडच्या कुंपणात.

मंडळातली सगळ्यात चांगली तिरंदाज, जिला सगळे डावखुरी म्हणतात, ती धनुष्य घेऊन आमच्याकडे आली. उजव्या हातावर कोपरापर्यंत लालभडक वळ.

"आजी, दोरी चावतेय."

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, बघितला आणि सोडला.

टेपसाहेब तिथेच होते. म्हणाले, "दोरी प्रमाणित आहे. तुमची उभं राहायची पद्धत तपासून बघा."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ होतं, नाचणारी सरळ होती, आणि वाकड्याला समितीचा प्रमुख केलं होतं.

साडेदहाला अध्यक्ष आले. अकराला उद्घाटनाचा पहिला बाण त्यांनी मारायचा होता. पाच ठिकाणचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. अध्यक्षांनी हात मोकळा करावा म्हणून एक सरावाचा बाण लावला, रुबाबात ओढला आणि सोडला. फडाक! बाण दहा पावलांवर गवतात झोपला. अध्यक्षांचं मनगटी घड्याळ मात्र छान उडालं आणि पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेत जाऊन पडलं. तेवढं एक त्या दिवशी सरळ गेलं.

मग पळापळ. अध्यक्षांनी टेपसाहेबांकडे बघितलं, टेपसाहेबांनी मेहुण्यांकडे, मेहुण्यांनी किटलीकडे. आणि कारकून धावत आमच्याकडे.

"मावशी, चला. अध्यक्ष बोलावतायत. काहीतरी करा म्हणतायत."

मी सासूबाईंच्या स्टुलापुढे उभी राहिले. "आई, उठू नका."

"का?"

"कारण आज उठलात तर खोली गेली. न उठलात तर राहिली. पाच ठिकाणचे लोक बसलेत समोर. होऊ दे शोभा. त्यांनी तीन दिवस बसून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, तो उचलायला तुम्ही कशाला? आज दुपारी सगळ्यांना कळू दे पीळ म्हणजे काय असतो. संध्याकाळी हेच अध्यक्ष आपल्या दारात येतील."

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. सासूबाईंनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. त्या फक्त मैदानाकडे कान देऊन बसल्या होत्या.

फडाक.

"ऐकतेयस ना?" त्या म्हणाल्या. "माझ्या दोऱ्या भुंकतायत."

"भुंकू दे की."

"तुला जमेल ऐकायला. मला नाही जमणार." आणि त्या उठल्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी त्यांच्याबद्दल लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हणाले होते. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं. त्या क्षणी मला ती म्हण अजिबात आवडली नाही. मी तिथेच हाताची घडी घालून उभी राहिले. ठरवलं होतं, बोटसुद्धा लावायचं नाही.

त्यांनी डावखुरीचं धनुष्य घेतलं, दोरी उतरवली, फास काढला आणि पीळ भरायला लागल्या. चार भरले, आठ भरले. दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो. घरी त्या ते दाखवत नाहीत. बाराव्या पिळाला अंगठा घसरला आणि सगळे पीळ भर्रकन सुटले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाळीस दोऱ्या, प्रत्येकीला तीस-चाळीस पीळ, आणि तो अंगठा. समोर अध्यक्ष, समिती, पाहुणे, सगळे नुसते बघत उभे. मला त्यांचा सगळ्यांचा राग आला, सासूबाईंचा सगळ्यात जास्त आला, आणि त्याच रागात रडूही आलं. मी जाऊन त्यांच्या हातातून दोरी ओढून घेतली.

"सरका. पीळ मी भरते. तुम्ही मूठ बघा."

"नको म्हणत होतीस ना?"

"अजूनही नकोच म्हणतेय. सरका."

मग आम्ही सुरू झालो. मी उतरवायची, पिळायची, चढवायची. त्या मूठ ठेवायच्या, अंगठा उभा करायच्या, दोरी एकदा बोटाने छेडून कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "दोन सोड," "एक भर," "जा बाळ, मार." पुढचं धनुष्य. कुठली दोरी कुणाची हे आता त्या कानाने आणि बोटाने ओळखत होत्या. दोनदा त्यांनी शेजारच्या दोन तिरंदाजांच्या दोऱ्या आपसात बदलल्या आणि दोन्ही जागी 'टुंग' झालं.

अध्यक्ष टेपसाहेबांना म्हणाले, "किती वेळ लागेल याचा अंदाज घ्या." टेपसाहेबांनी लगेच मोबाइल काढला आणि घड्याळ लावून आमच्या डोक्यावर उभे राहिले. प्रत्येक धनुष्यागणिक एक आकडा. कारकून लिहीत होता. मला वाटलं, बरं झालं, आता तरी यांच्या पोरकटपणाला काहीतरी उद्योग मिळाला. मी मूर्ख, दुसरं काय.

एक तासाच्या उशिराने स्पर्धा सुरू झाली आणि अशी झाली की विचारू नका. डावखुरीने हातावर ओलं फडकं गुंडाळून मंडळाचा सगळ्यात जास्त गुणांचा आकडा मोडला. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिचं धनुष्य मागून घेतलं, दोरीवरून नख फिरवलं, कान लावला आणि विचारलं, "ही दोरी कुणाची?"

अध्यक्षांनी टेपसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या समितीने यंदा नवीन प्रमाण लागू केलंय."

टेपसाहेब नम्रपणे वाकले. आमचं स्टूल तिथून पंधरा पावलांवर होतं. सासूबाई अंगठा चोळत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. मी ते फळीपाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. समितीने दुरुस्त केलेल्या दोऱ्या स्पर्धेत उत्कृष्ट ठरल्याबद्दल समितीने समितीचं अभिनंदन केलं होतं. मैदानावर काही किरकोळ जुळवणी करावी लागली, तिला प्रत्येक धनुष्यामागे सरासरी एक मिनिट बत्तीस सेकंद लागले. ज्या कामाला दीड मिनिट लागतं त्यासाठी स्वतंत्र खोली अडवून ठेवणं उचित नाही. तरी येत्या सोमवारी सकाळी अकरापर्यंत खोली पूर्ण रिकामी करून ताबा द्यावा.

"बघितलंत?" मी ओरडले. "मी काय म्हणत होते? आपणच आपल्या हाताने मोजून दिलं त्यांना! पंचेचाळीस वर्षांचं दीड मिनिट केलं!"

सासूबाई फळीवर हात ठेवून उभ्या होत्या. "वाईट वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय. ह्या कड्या तुझ्या सासऱ्यांनी ठोकल्यात एकेक." मग फळीवरचं मेण नखाने खरवडत म्हणाल्या, "पण पुन्हा तसा आवाज आला तर मी पुन्हा उठेन. तू नको उठूस. तुझं बरोबर होतं."

माझं बरोबर होतं हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी अकरा वर्षं थांबले होते. ऐकलं, आणि कुणीतरी ते परत घ्यावं असं वाटलं.

सोमवारी आम्ही खोली आवरली. मेणाच्या वड्या, धाग्याची रिळं, वजनं, सगळं आमचे हे दोन खेपांत घेऊन गेले. राहिली फळी. टेपसाहेब साडेदहापासून दाराबाहेर हजर, सोबत समितीचं नवं टेबल धरून दोन हमाल. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं, पण हा नागोबा फर्निचर घेऊन आला होता. कारकुनाच्या हातात ताबा-पावतीचा फॉर्म. तोही टेपसाहेबांनीच तयार केलेला.

फळीचं पुढचं टोक माझ्याकडे, मागचं सासूबाईंकडे. आम्ही उचलली आणि निघालो. मी दाराबाहेर दोन पावलं आले असेन, त्या अजून आत. मागच्या मैदानावर सकाळचा सराव चालू होता.

फडाक.

मी थांबले. नव्या दोऱ्या होत्या, दोन आठवडे बाण मारून वाढल्या होत्या. वाढणारच. दर आठवड्याला एक-दोन पीळ भरायला लागतात, आणि भरायला आता कुणी नव्हतं. पुन्हा फडाक. नंतर एक पोरगी "आई गं" म्हणाली.

मी मागे वळून सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. शब्द दिल्यासारख्या उभ्या होत्या, की यावेळी सून सांगेल तसं.

मी माझं टोक खाली ठेवलं.

"अहो, फळी दारात टाकून कुठे निघालात?" टेपसाहेब म्हणाले. "अकरा वाजतायत."

"दीड मिनिटात येते," मी म्हटलं.

यायला मला दुपारचे दोन वाजले. एकीचं झालं की दुसरी, तिच्यामागे सतरा जण. परत आले तेव्हा फळी तशीच होती, चार फूट आत आणि चार फूट बाहेर, आणि मधोमध, बरोबर उंबऱ्यावर, सासूबाई तिच्यावर बसल्या होत्या. हमाल टेबल भिंतीला लावून निघून गेले होते. म्हातारीसकट फळी उचलायला त्यांनी नकार दिला होता.

टेपसाहेब कारकुनावर ओरडत होते. फॉर्मात दोनच पर्याय होते: 'खोली पूर्ण रिकामी आहे' आणि 'खोली रिकामी नाही', जो लागू नसेल तो खोडावा. कारकून म्हणत होता, "साहेब, फळी आत आहे म्हणावं तर बाहेर आहे. बाहेर आहे म्हणावं तर आत आहे. मी काय खोटं लिहू? फॉर्म तुमचाच आहे." त्याने दोन्ही ओळी खोडल्या आणि सही केली. त्याच्या अंगठ्यावरचे फोड एव्हाना सुकले होते, पण तो ते विसरला नसावा.

ताबा अपूर्ण राहिला. तेव्हापासून आम्ही तिथेच काम करतो. मी बाहेरच्या खुंटीशी, सासूबाई आतल्या. रिळं आणि वजनं ह्यांनी दोन खेपांत परत आणली, कुरकुर मात्र चार खेपांची केली. येणारेजाणारे फळी ओलांडून जातात.

फळी आत धरायची की बाहेर, याचा निर्णय करायला समितीने एक उपसमिती नेमली आहे. तिची बैठक अजून झालेली नाही. बसायला खोली नाही.